सोलापुरातल्या ऑर्केस्ट्रा वादकांचे काम आणि पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे नेमका कोणता?

मंचावर चित्रपटगीते, भावगीते, भक्तिगीते, भीमगीते, लोकगीते वाजवणारी पार्टी. कीबोर्ड, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), ढोलक-ढोलकी, तबला, बेस गिटार, लीड गिटार, कधी सॅक्सोफोन किंवा बासरी, सोबत दोन-तीन गायक आणि निवेदक. सिम्फनीतल्या (पाश्चात्य वाद्यवृंदातल्या) पगारी वादकांचा प्रश्नही काही जण विचारतात, त्याचे उत्तर पुढे आहे.

नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाचे, अठराशे मिळतात. मग महिन्याला किती सुटतात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि याच हिशेबात सगळ्यांत जास्त चूक होते. नाइटचा आकडा ऐकून मनात तीसने गुणाकार सुरू होतो. खरा गुणाकार वर्षभरातल्या नाइटांचा करायचा असतो. खालचे आकडे फक्त हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी धरले आहेत, तिथे स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, वर्षात ८५ नाइट झाल्या. दर १,८०० रुपये. हाती आले १,५३,००० रुपये. आता खर्च. घरापासून गाडी निघते तिथपर्यंत जाणे आणि रात्री परत येणे, नाइटला १०० धरले तर ८,५०० रुपये. तारा, ढोलकी-तबल्याच्या पुड्या, केबल, अडॅप्टर, दुरुस्ती यांना वर्षाला १२,०००. मंचावरचे कपडे आणि फोन मिळून ६,०००. इथवर सगळे धरतात. विसरतात तो वाद्याचा घसारा. १,२०,००० रुपयांचा कीबोर्ड सहा वर्षे चालला, तर दरवर्षी २०,००० रुपयांचा कीबोर्ड झिजून जातो. पैसे त्या वर्षी खिशातून जात नाहीत म्हणून ते दिसत नाहीत. सातव्या वर्षी मात्र एकदम दिसतात. एकूण खर्च ४६,५००. उरले १,०६,५००, म्हणजे महिन्याला ८,८७५ रुपये. त्यातही पाच नाइटांचे पैसे बुडाले तर आणखी ९,००० गेले.

म्हणून नवीन वादकाला आमचे सांगणे एकच असते: पहिली दोन वर्षे प्रत्येक नाइट वहीत लिहा. तारीख, गाव, पार्टी, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी. नाइटचा दर वाढवून मागायचा की नाही, नोकरी सोडायची की नाही, हे ही वहीच सांगते.

वर्षात काम कधी असते आणि कधी नसते?

सोलापूरचे पंचांग समजून घेतले तर निम्मा ताण कमी होतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. पौषात मुहूर्त विरळ, पण जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची भीमजयंती आणि त्यानंतर अक्षय तृतीयेला येणारी बसवेश्वर जयंती हे तिन्ही मोठे आधार आहेत. एप्रिल-मे लग्नांचे. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागला की लग्ने थांबतात. मधे नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव, मग गणपती. पितृपक्षात शांतता. नवरात्रात पुन्हा धावपळ, दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नाची वाट पाहणे.

या चक्रात दोन गोष्टी दरवर्षी सरकतात. एक रमजान: त्या महिन्यात मुस्लिम घरांतली लग्ने होत नाहीत आणि तो महिना इंग्रजी तारखांत दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस आधी येतो. दुसरा अधिक मास. २०२३ साली तो श्रावणात आला, तेव्हा लग्ने तशीही नव्हती, फारसे कुणाला जाणवले नाही. २०२६ साली मात्र अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, ऐन लग्नसराईवरच येतो. अशा वर्षी मेचा दुसरा पंधरवडा कोराच धरून चालावे आणि त्या महिन्यात वाद्याचा हप्ता सुरू होईल असे कर्ज काढू नये. २०२९ चा अधिक मास चैत्रात आहे, तोही लग्नाच्या दिवसांना लागूनच.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की मैदानांच्या परवानग्या अडतात, ठरलेले कार्यक्रम पुढे जातात. बयाणा (आगाऊ रक्कम) परत मागण्याचे प्रसंग तेव्हा सर्वाधिक येतात.

सुपारी (कार्यक्रमाची ठरलेली एकूण रक्कम) साठ हजारांची आणि वादकाला अठराशे. बाकीचे पैसे कुठे जातात?

एक नमुना हिशेब पाहा. साउंड सिस्टीम १५,०००. गाडी आणि डिझेल ६,०००. तीन गायक ३,००० प्रमाणे ९,०००. सात वादक १,८०० प्रमाणे १२,६००. निवेदक २,५००. जेवण-चहा २,०००. बेरीज ४७,१००. पार्टीच्या मालकाकडे उरतात १२,९००. त्यातून तालमीची जागा, जाहिरात, पार्टीच्या मालकीची वाद्ये आणि रद्द झालेल्या तारखांचा तोटा निघायचा असतो. सगळे मालक लबाड असतात हे खरे नाही. सगळे हिशेब दाखवतात हेही खरे नाही.

कळीची गोष्ट पुढे आहे. यजमानाने घासाघीस करून सुपारी ४८,००० वर आणली तर मालकाकडे ९०० रुपये उरतात. साउंडवाला दर कमी करत नाही, डिझेल कमी होत नाही. मग कात्री वादकांवर येते. आधी बेस गिटार जाते (बेस कीबोर्डच्या डाव्या हातावर काढतात), मग तबला, मग साइड ऱ्हिदम (जोडीची तालवाद्ये). म्हणजे दर पडला की नाइटचा आकडा तोच राहतो, पण माणसे कमी होतात. कमी दराची सुपारी घेणारी पार्टी आपल्याच दोन साथीदारांची नाइट घालवत असते, हे वादकांनी आपसात उघड बोलायला हवे.

नवीन वादकाला किती गाणी तयार हवीत?

संख्येपेक्षा सूरपट्टी, म्हणजे ज्या स्वराला 'सा' धरून गातात ती, महत्त्वाची. दीडशे गाणी एकाच पट्टीत येत असतील तर उपयोग कमी. तेच गाणे गायिकेला काळी चारमध्ये आणि गायकाला पांढरी एकमध्ये देता आले पाहिजे. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचे (पट्टी बदलण्याचे) बटण वापरतो, गिटारवाल्याला आणि बासरीवाल्याला ती सोय नाही. सर्वांत नेहमीची चूक हीच: आधीच्या गाण्याचा ट्रान्सपोज तसाच राहतो आणि पुढच्या गाण्याचा पहिला सूर लागताच गायिका मागे वळून पाहते. प्रत्येक गाणे संपले की पडद्यावर शून्य दिसते का, हे पाहण्याची सवय हाताला लावून घ्यावी.

सोलापुरात आणखी एक गरज आहे. इथल्या घरांत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा बोलल्या जातात. शहराच्या पूर्व भागातल्या लग्नात तेलुगू गाण्यांची फर्माईश हमखास होते, अक्कलकोट आणि विजयपूरच्या बाजूला कन्नड गाण्यांची. प्रत्येकी वीस गाण्यांची सुरावट आणि ठेका तयार असलेला वादक बदली म्हणून आधी बोलावला जातो.

एका नाइटला किती तास जातात?

बार्शी साधारण सत्तर किलोमीटर. सातचा कार्यक्रम असेल तर गाडी दुपारी दोन-अडीचला निघते. मांडणी, साउंड चेक, कार्यक्रम, उतरवणे, जेवण, परतीचा प्रवास. घरी पोचायला एक वाजतो. म्हणजे मंचावरचे तीन तास आणि एकूण अकरा. दर ठरवताना अकरा तास मोजा. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट रात्री परत येण्यासारखे आहेत. कलबुर्गीहून किंवा विजयपूरहून परतीच्या वाटेवर चालकाची झोप झालेली असणे ही अट मालकाला आधी सांगावी. पुण्याच्या तारखेला मुक्काम मागावा, त्यात संकोच करू नये.

बयाणा किती घ्यावा आणि लेखी काय हवे?

ऑर्केस्ट्राच्या मालकाने यजमानाकडून तारीख पक्की करताना तीस टक्के, आठवडाभर आधी वीस टक्के आणि उरलेली निम्मी रक्कम वादक मंचावर चढण्याआधी घ्यावी. "कार्यक्रम झाला की देतो" हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. गर्दी पांगल्यावर पैसे देणारा माणूस सापडत नाही.

लेखी म्हणजे स्टॅम्प पेपरच हवा असे नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला आणि समोरच्याने "मान्य" असे उत्तर दिलेला संदेशही पुरावा म्हणून उपयोगी पडतो. त्यात तारीख, ठिकाण, सुरू आणि बंद होण्याची वेळ, कलाकारांची संख्या, एकूण रक्कम, आलेला बयाणा, वीज आणि जनरेटर कोणाचा, पोलीस परवानगी कोणाची, पाऊस आला तर काय आणि तारीख रद्द झाली तर बयाण्याचे काय, एवढे असावे. शेवटचे दोन मुद्दे नसतील तर भांडण तिथेच होते. वादकानेही मालकाला असाच छोटा संदेश पाठवावा: "१२ तारीख, बार्शी, १,८००, जाण्यायेण्यासह, त्याच रात्री." मैत्री असली तरी पाठवावा.

पैसे अडकले तर?

आधी फोन, मग लेखी संदेश, मग वकिलाची नोटीस. थकलेल्या रकमेसाठी दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. धनादेश मिळाला असेल आणि तो परत आला तर मार्ग जास्त पक्का आहे, पण मुदती कडक आहेत. धनादेश त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा. न वटल्याचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करावी. ओळखीखातर "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत राहिले तर हा हक्क हातचा जातो.

कीबोर्ड हप्त्यावर घ्यावा का?

व्याज कसे मोजले आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नये. १,२०,००० रुपये, बारा टक्के, दोन वर्षे. घटत्या शिलकीवर व्याज असेल तर हप्ता सुमारे ५,६४९ रुपये आणि एकूण व्याज साधारण १५,६००. तेच बारा टक्के "फ्लॅट" (शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर) असेल तर व्याज २८,८०० आणि हप्ता ६,२००. कागदावर दोन्हीकडे बाराच लिहिलेले असते. प्रत्यक्षात दुसऱ्या कर्जाचा दर साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे जातो.

हप्ता बारा महिने सारखा असतो, कमाई सारखी नसते. म्हणून चातुर्मासाचे चार हप्ते मे अखेरपर्यंत बाजूला ठेवता येतील एवढाच हप्ता घ्यावा. मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. बँक नाइटांची वही आणि खात्यावर आलेले पैसे पाहते. रोख घेतलेली नाइट बँकेला दिसत नाही, हे यूपीआयवर पैसे घेण्याचे मोठे कारण आहे.

मंचावर नेहमी काय बिघडते?

सर्वांत आधी वीज. जनरेटरवर दिव्यांचा भार एकदम चढला-उतरला की व्होल्टेज हलते, कीबोर्ड मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तुम्ही लावलेले आवाज जातात. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडसाठी छोटा यूपीएस स्वतःचा ठेवावा, गाण्यांचे सेटिंग पेन ड्राइव्हवर साठवावे, अडॅप्टर दोन बाळगावेत. चुकीच्या व्होल्टेजचा किंवा उलट ध्रुवाचा अडॅप्टर लावला तर वाद्य कायमचे जाऊ शकते, म्हणून अडॅप्टरवर रंगीत पट्टी चिकटवून वाद्याचे नाव लिहावे.

दुसरे, माइकचा झटका. गिटारवाला ओठ माइकला लावतो आणि झटका बसतो. कारण बहुतेक वेळा हेच असते: गिटारचा ॲम्प्लिफायर एका बोर्डावर, साउंडचा मिक्सर दुसऱ्या बोर्डावर आणि एकाला अर्थिंगच नाही. दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावेत. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज पाहावे, दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवल्याशिवाय वाद्य जोडू नये. "घूं" असा आवाज येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे आहेत. असे कधीही करू नका. त्या आवाजासाठी डीआय बॉक्सवरचे (वाद्य आणि मिक्सर यांच्यामधल्या छोट्या डबीवरचे) ग्राउंड लिफ्टचे बटण वापरायचे असते. अर्थची पिन तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे.

तिसरे, हवा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. गाडीच्या टपावर ठेवलेल्या ढोलकीची पुडी ताणून चिरते, कीबोर्डचा पडदा काळवंडतो, गिटारची मान वाकते. पावसाळ्यात उलटे: पुडी सैल पडून आवाज बसतो. उन्हाळ्यात वाद्य गाडीच्या आत, जाड सुती चादरीत गुंडाळून न्यावे आणि मंचावर किमान अर्धा तास आधी उघडून ठेवावे, मग सुरात लावावे. गाडीतून काढून लगेच लावलेला सूर दोन गाण्यांत उतरतो.

रात्री दहाला खरंच बंद करावे लागते का?

होय. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते आणि ते दिवस आधी जाहीर होतात. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्रात येतात. परवानगी संयोजकाने काढायची, पण जप्तीत साउंडसोबत वादकाचा ॲम्प्लिफायरही जाऊ शकतो. परवान्याची प्रत फोनमध्ये मागून घ्यावी. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंदिस्त सभागृहाचे गणित वेगळे, तिथे सभागृहाच्या वेळेची अट आधी पाहावी.

दुसऱ्यांची गाणी वाजवतो, त्याचे पैसे भरावे लागतात का?

मंचावर गाणे प्रत्यक्ष वाजवले तर शब्द आणि चाल यांच्या हक्कांचा परवाना लागतो, तो आयपीआरएस ही संस्था देते. मध्यंतरात मूळ रेकॉर्ड लावली तर ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभांना सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात धरले आहेत. मोठ्या हॉटेलांतल्या संगीत कार्यक्रमांवरून तरीही वाद होतात. तिकिटाच्या आणि कंपन्यांच्या कार्यक्रमाला परवाना संयोजकाने घ्यायचा, असे करारात एका ओळीत लिहावे.

आयकर आणि जीएसटी?

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर बसत नाही. बहुतेक वादक त्याच्या बरेच आत असतात. पण ४ लाखांच्या वर उत्पन्न गेले की विवरणपत्र भरावेच लागते. त्याखाली असाल तरी भरावे: कंपनीच्या कार्यक्रमात टीडीएस कापला असेल तर तो विवरणपत्राशिवाय परत मिळत नाही आणि कर्जाला तीन वर्षांची विवरणपत्रे विचारतात.

जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर. हा प्रश्न मालकाचा. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट आहे, चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाला ती लागू होत नाही.

कानांची काळजी किती घ्यावी?

खूप. हा विषय सोलापुरात फारच कमी बोलला जातो आणि नुकसान परत भरून येत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत झेपतो असे व्यावसायिक आरोग्याच्या मापात धरतात. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला फक्त पंधरा मिनिटे. मंचावर ड्रमशेजारी शंभर सहज होतात. कार्यक्रमानंतर कानात शिटी वाजत राहिली तर ती थकवा नाही, इजा आहे. वादकांसाठीचे इअरप्लग खर्जापासून तीव्रापर्यंत सगळ्या सुरांचा आवाज सारखा खाली आणतात, त्यामुळे सूर कळतो. कापसाचा बोळा तीव्र सूर खातो आणि खर्ज तसाच आत येऊ देतो, तो उपाय नव्हे. मॉनिटर स्पीकर कानाच्या उंचीवर तिरपा लावला तर आवाज वाढवायची गरज कमी पडते.

आजारपण आणि म्हातारपणाची सोय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आयुष्मान कार्ड आजच काढून ठेवा. अपघात विमा (पंतप्रधान सुरक्षा विमा) वर्षाला २० रुपये, संरक्षण २ लाख. रात्री-अपरात्री महामार्गावरून येणाऱ्या माणसाकडे तो नसणे हे आम्हाला फार लागते. चाळिशीच्या आतल्या आणि महिना १५,००० च्या आत कमाई असलेल्यांना श्रमयोगी मानधन योजनेत वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपये भरून साठीनंतर महिना ३,००० निवृत्तिवेतन मिळते. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज मानधन सन्मान योजना आहे, महिना ५,००० रुपये. त्यासाठी कलेतल्या कामाचे पुरावे लागतात: जुन्या पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणे, प्रमाणपत्रे. ज्यांनी आयुष्यभर वाजवले त्यांच्याकडे नेमके हेच कागद नसतात. आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर आपले नाव छापून घ्या आणि ती जपून ठेवा.

वादकाला पगारी नोकरी कुठे?

मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली सुरू झाली. तिथे पाश्चात्य स्वरलिपी पाहताक्षणी वाजवता येणे ही पहिली अट, ती ऐकून वाजवणाऱ्याला पुरी होत नाही. जवळचा मार्ग पोलीस बँडचा. पोलीस भरतीत बँडस्मनची पदे निघतात आणि सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० आहे. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, साइड ड्रम वाजवणाऱ्या तरुणांनी जाहिरातींवर लक्ष ठेवावे, मैदानी चाचणीची तयारी सोडू नये. आकाशवाणी सोलापूरची कलाकार म्हणून श्रेणी मिळाली तर ती नोकरी नव्हे, पण नावापुढे ती लागली की शिकवणीला माणसे विश्वासाने येतात.

शिकवणी परवडते का?

चातुर्मास भरून काढायला याहून चांगला उपाय आम्हाला माहीत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे तबला आणि हार्मोनिअमला मागणी आहे. स्वतः विशारद झालेले असावे. वर्गाचे वार ठरवताना शनिवार-रविवार टाळावेत, नाइट त्याच दिवशी लागतात आणि चार वेळा वर्ग बुडाला की पालक मुलाला काढून घेतात.

कराओकेमुळे वादकांची गरज संपेल का?

वाढदिवस आणि लहान समारंभ बरेचसे तिकडे गेले आहेत, ते परत येतील असे वाटत नाही. मिरवणूक, जयंती, मोठे लग्न इथे ढोलकी आणि ऑक्टोपॅडचा जिवंत ठेकाच लागतो, कारण लोक नाचत असताना ठेका लांबवावा लागतो आणि ट्रॅक लांबत नाही. कामे तिकडे शोधावीत.

ठरलेल्या तारखेला जमत नसेल तर?

मालकाला लगेच सांगा आणि बदली वादकाचे नाव स्वतःच द्या. बदलीला गाण्यांची यादी सूरपट्टीसह पाठवा, मूळ दर त्यालाच पूर्ण मिळू द्या. मधले दोनशे-तीनशे ठेवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तसे केले की तोच माणूस पुढच्या वेळी तुमच्या अडचणीला फोन उचलत नाही.